किती किलोवॅटचं ऊन?

बीड जिल्ह्यात वीज कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न कुणाला पडत नाही. खांब महावितरणचा, तार महावितरणची, मीटरही महावितरणचं. मुंबईच्या उपनगरांत निवडीला वाव आहे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या बऱ्याच घरांनी रिलायन्सच्या तारेवरून टाटांची वीज घेतली. पुढे २०१८ मध्ये रिलायन्सची जागा अदानींनी घेतली. आपल्याकडे असं काही नाही. तरीही गेली दोन वर्षं घराघरांत विजेच्या निवडीवरून वाद झडताहेत, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि प्रत्येक स्लॅबच्या घराकडे कुणीतरी टेप घेऊन गच्ची मोजायला येऊ लागला.

पुढची बोलणी अंबाजोगाईतल्या एका घरातली समजा. थोरल्यांना घर आणि गल्ली दोन्ही बाप्पा म्हणतात. ते परळीच्या थर्मलमधून निवृत्त, उभी उमर पाळ्या करण्यात गेलेली. धाकटी सून पतसंस्थेत हिशेब बघते. नावं सांगायची गरज नाही, अशी जोडी आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल. वादाचं निमित्त म्हणजे टेबलावरचं एक कोटेशन: तीन किलोवॅट, अनुदान ७८,००० रुपये.

"तीन किलोवॅट कशाला गं? आपण काय गिरणी टाकायलोत?"

"बाप्पा, अनुदान तिनालाच सगळ्यात जास्त आहे. एकाला ३०,०००, दोनाला ६०,०००, तिनाला ७८,०००. त्याच्यापुढं कितीही बसवा, ७८,०००च."

"म्हणजे पहिल्या दोघांना तीस-तीस आणि तिसऱ्याला अठरा. सरकार सांगायलंय तिसऱ्याला आमची मदत कमी, अन् तुझा तो कोटेशनवाला त्यालाच सगळ्यात मोठा फायदा म्हणायलाय."

सून गप्प बसली नाही, पण तिने कोटेशन उलटं ठेवलं. बाप्पांचा विरोध आकड्यांना नव्हताच. त्यांचं दुखणं जुनं होतं.

"हे बघ, परळीला ३० मेगावॅटचा पहिला संच चालू झाला १९७१ ला. आता २५० चे तीन संच आहेत. राखेचा थर आपल्या वाळवणावर. आणि भारनियमनात सगळ्यात जास्त अंधार कुठं होता? आपल्याकडंच. ज्या फीडरवर गळती जास्त, त्याला लाइट कमी, असा नियम होता. थर्मलमध्ये रात्रपाळी करून घरी यायचो तर घरात कंदील. वीज शेजारी तयार होते म्हणून ती आपल्या घरात येत नसती."

"पण गच्चीवरची वीज तर आपलीच."

"लाइट गेल्यावर?"

इथे सून अडली, आणि अडायलाच हवी होती. विक्रेते ज्यावर फारसं बोलत नाहीत अशी ही गोष्ट आहे. बॅटरीशिवायचं नेट मीटरिंगचं सौर संयंत्र महावितरणच्या लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला खालून कुठल्या तरी गच्चीवरचा करंट बसू नये, म्हणून तशी रचनाच असते. मे महिन्याच्या दुपारी डीपी जळाली तर गच्चीवर कडक ऊन, पॅनल लखलखीत आणि खाली पंखा बंद. बाप्पा तारांच्या दुनियेतले, त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

"मग बॅटरीवालं घेऊ."

"घे. अनुदान तेवढंच, बॅटरीचा खर्च तुझा. म्हणून म्हणतो, आहे तो इन्व्हर्टर बरा. बिल भरायचं, गप्प बसायचं."

बिल भरून गप्प बसणं हीसुद्धा एक योजनाच आहे, आणि तिचीही किंमत काढावी लागते. सुनेने ती काढली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाची बिलं तिने अ‍ॅपमधून काढून कागदावर मांडली. हिवाळ्याचे चार महिने ९० युनिटं, पावसाळी चार महिने १५०, उन्हाळ्याचे चार २५०. वर्षाची १,९६०. आकडे तिने दहाच्या पटीत बसवले होते, हिशेबाला तेवढं चालतं.

त्या वर्षी वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे होते, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला खालीवर होतो, तो तिने बाजूला ठेवला.

"एकशेएकावं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं," बाप्पा म्हणाले. निम्म्या जिल्ह्याचा हा समज आहे.

"नाही लागत. पहिली शंभर त्यांच्याच दरानं राहतात. वरची पन्नास महाग. पण तीच पन्नास किती महाग ते बघा. शुल्क धरून शंभरापुढचं एकेक युनिट सव्वातेरा रुपयांना पडतं, पहिल्या शंभरातलं पावणेसातला. म्हणजे वाचवायचीच असतील तर शंभराच्या वरची वाचवायची. खालची वाचवून हातात काय येतं?"

या लेखात सांगण्यासारखं जे काही आहे ते तिच्या या वाक्यात आहे, आणि पुढचा सगळा वाद त्याच्याच भोवती फिरतो. दरपत्रक त्यानंतर बदललं. २०२५ मध्ये मार्चला वीज नियामक आयोगाचा एक आदेश आला, त्याला स्थगिती मिळाली, मग जूनमध्ये दुसरा आला. पण पहिली शंभर स्वस्त आणि पुढची जवळजवळ दुप्पट महाग, ही उतरंड काही बदलली नाही. ती असेपर्यंत "एका युनिटला किती पडतं?" या प्रश्नाला अर्थ नाही. कितव्या युनिटला, ते आधी विचारावं लागतं.

मग तिला बिलावर एक ओळ दिसली.

"बाप्पा, आपला स्थिर आकार ४२४ रुपये का आहे? शेजारच्यांचा १२८ आहे."

"आपलं थ्री-फेज आहे."

"घरात एक तरी थ्री-फेजची मोटार आहे का?"

"नाही. पण भारनियमनाच्या दिवसांत घेतलं होतं. एक फेज गेला की दुसऱ्यावर टाकायचं. निम्म्या गल्लीत अंधार असायचा तेव्हा आपल्याकडं टीव्ही चालू असायचा. तुझ्या नवऱ्यानं दहावीचा अभ्यास त्याच्यावर केलाय."

"त्याला महिन्याला २९६ रुपये जास्त मोजतो आपण. शुल्क धरून वर्षाचे ४,१२०. चार वर्षांत इन्व्हर्टरला नवी बॅटरी येईल तेवढ्यात, अन् बॅटरी तिन्ही फेज गेले तरी चालती."

बाप्पांनी पानाचा डबा उघडला आणि मिटला. बीड, माजलगाव, गेवराई, कुठेही जुन्या घरांत विचारा, अशी थ्री-फेजची जोडणी निघेल. त्या काळी ती शहाणपणाची होती. आता फेज जाणं संपलेलं नाही, पण त्या भीतीचा दर बदललेला आहे. पॅनल, अनुदान, कर्ज यांच्या आधी बघायची गोष्ट ही आहे: मंजूर भार किती, जोडणी कुठली, स्थिर आकार किती. तो सौर बसवल्यावरही चुकत नाही. युनिटं शून्य झाली तरी बिल शून्य होत नाही, ते याच्यामुळे.

थ्री-फेजसकट वर्षाचं बिल २४,४०० च्या आसपास येत होतं. सिंगल-फेज धरलं तर २०,३००. तिने यापुढचा हिशेब सिंगल-फेज धरून केला, आणि बाप्पांनी तो करू दिला, म्हणजे मान्य केला असं नाही.

"एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. महिन्याला १२०."

"श्रावणात?"

"आपल्याकडं श्रावणात ढग येतात, बाप्पा, पाऊस कुठं येतो?"

यावर दोघंही हसले. दुष्काळावर हसायची सवय या जिल्ह्याला आहे. पण बाप्पांचा मुद्दा खरा होता, पावसाळ्यात उत्पादन पडतं आणि उन्हाळ्यात धूळ बसते. पॅनल धुवायला पाणी लागतं. "पाण्यावाचून २०१३ ला अख्खं थर्मल बंद ठेवावं लागलं, २०१५ ला पुन्हा. तू पॅनल काय टँकरनं धुणार?" सुनेकडे उत्तर होतं: पहाटे दव असताना ओल्या फडक्याने पुसायचं, एक बादली पुरते. मला हे उत्तर पटतं, पण ती बादली रोज जिन्यावरून कोण नेणार हे त्या घरात ठरलेलं नव्हतं.

आता कोटेशनातले आकडे. अनुदान वजा जाता एक किलोवॅट ४०,००० ला, दोन ७०,००० ला, तीन १,०७,००० ला.

"एक बसवलं तर उन्हाळ्यातली २५० युनिटं १३० वर येतात. महागडी बहुतेक सगळी गळाली. वर्षाचं बिल २०,३०० वरून ५,९०० वर. साडेचौदा हजारांच्या जवळपास वाचले. तीन वर्षांच्या आत पैसे फिटले."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यानं बिल दोन हजारांवर येतं. म्हणजे आणखी ३,९०० वाचले. त्याला आपले ३०,००० जातात."

"साडेसात वर्षं."

"तिसऱ्यानं..." ती थांबली. तिने कॅल्क्युलेटर पुन्हा फिरवला. "तिसऱ्यानं वर्षाला २०५ रुपये वाचतात."

"किती?"

"दोनशे पाच."

बाप्पा काही बोलले नाहीत, त्याची गरजही नव्हती. तिसऱ्या किलोवॅटला घरात वाचवायला युनिटच उरत नाही. तीन किलोवॅट वर्षाला ४,३२० युनिटं करणार आणि घर वापरणार १,९६०. उरलेली जातात महावितरणच्या लाइनवर. ती वाया जात नाहीत, महिन्यामागून महिना खात्यावर जमा होतात. पण आर्थिक वर्ष संपलं की, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक युनिटं कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खातं शून्यावर येतं. तो दर तुम्ही वाचवलेल्या सव्वातेरा रुपयांच्या जवळपासही नसतो.

आणि ३१ मार्च ही तारीख बीडच्या माणसासाठी फार अवेळी येते. हिवाळ्यात पंखे बंद, आकाश निरभ्र, युनिटं साठत जातात. ती वापरायची खरी वेळ एप्रिल आणि मे. नेमकी त्याच्या तोंडावर पाटी पुसली जाते. एक किलोवॅटवाल्या घराला याची झळ नाही, कारण त्याची हिवाळी शिल्लक मार्चमध्येच संपते. मोठ्या संयंत्रवाल्याला मात्र दर वर्षी ती सोडून द्यावी लागते. आर्थिक वर्ष जूनला सुरू होतं असतं तर मराठवाड्याच्या कित्येक गच्च्यांचा हिशेब वेगळा आला असता.

"मग एकच बसवू," बाप्पा म्हणाले. सकाळी ते काहीच बसवू नका म्हणत होते, हे सुनेच्या लक्षात आलं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

"पण बाप्पा, पोरगा एसी मागतोय. दीड टनाचा एसी रोज पाच-सहा तास चालला तर उन्हाळ्यात महिन्याला दोनशे युनिटं वाढतील. मग आपण तीनशेच्या पुढं. तिथं १५ रुपये ७२ पैसे अधिक शुल्क. तेव्हा दुसरा किलोवॅट साडेसात वर्षं घेणार नाही."

"एसी आला तर. आज आहे का? उद्याच्या एसीसाठी आज पॅनल घ्यायचं म्हणजे बारशाआधी पोराच्या लग्नाचा हॉल बुक करायचा."

मला इथे सुनेची बाजू अर्धीच घ्यावीशी वाटते. स्कूटर येणार आहे, इंडक्शन येणार आहे, हे खरं. पण आपल्याकडे घरात वस्तू येते ती सोयाबीनच्या भावावर, आणि सोयाबीनचा भाव कोटेशनवाल्याला माहीत नसतो.

स्मार्ट मीटरचं प्रकरण त्या दोघांनी पटकन उरकलं. मीही उरकतो. जुलै २०२५ पासून असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार दिवसा चालवली तर महिन्याला साठेक युनिटं त्या वेळेत येतील, म्हणजे ४८ रुपये. "मोटार दिवसा चालव म्हणजे काय?" बाप्पांनी विचारलं, "नळ सोडणारा तुझं मीटर बघून सोडतो का?" मांजरा धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात नळ येईल तेव्हा मोटार लावायची असते. ज्या शहरात पाणी चोवीस तास आहे तिथे वेळेनुसार दर हा विचार चांगला बसतो.

खासगी कंपनी आली असती तर बरं झालं असतं का, हाही विषय निघाला. सून म्हणाली, इंग्लंडमध्ये लोक दर वर्षी कंपनी बदलतात. बाप्पांना शेजारचं आठवलं: औरंगाबाद शहराचा कारभार २०११ मध्ये जीटीएलकडे दिला होता, २०१४ मध्ये महावितरणने परत घेतला. आणि इंग्लंडचं म्हणाल तर २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा तिथल्या पंचवीसहून जास्त वीज-गॅस पुरवठादार कंपन्या बुडाल्या, स्वस्त योजना निवडलेल्यांना सरकारी यंत्रणेने दुसऱ्यांच्या गळ्यात बांधलं. निवड असणं चांगलंच. पण निवडणाऱ्याला स्वतःचा वापर माहीत नसेल तर दहा कंपन्या असल्या काय अन् एक असली काय.

मग बाप्पांनी असा प्रश्न काढला की हिशेबाची वहीच थबकली.

"आपल्या भावकीतला तो वडवणीकडचा, ऊसतोडीला जातो. दसऱ्याला कुलूप लावतो, पाडव्याच्या आसपास उघडतो. त्यानं काय करावं?"

राज्याने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी केंद्राचे ३०,०००, राज्याचे १७,५०० आणि स्वतःचे अवघे २,५०० रुपये.

"त्यानं डोळे झाकून घ्यावं," सून म्हणाली. "घरी असतो तेव्हा महिन्याला चाळीस युनिटं, सहा महिन्यांची २४०. संयंत्र करणार १,४४०. बाकीची ३१ मार्चला विकली जातील. बंद घर कमवेल."

"आणि पॅनल कोण राखणार? ऑक्टोबर ते मार्च, कुलपाच्या घरावर? दारातली सायकल शेजाऱ्याकडं ठेवून जातात ते लोक. पॅनल कुणाकडं ठेवतील? घर पत्र्याचं आहे. पत्र्यावर कुठला वारा बसू देणार?"

"मग त्यांना काहीच नाही?"

"त्याच्या बिलात युनिटं आहेतच किती? तुझ्याच दरानं चाळीसाचे २३५. आणि १२८ रुपये स्थिर आकार तर कुलूप असतानाही चालू. घर उघडं असो नसो, बारा महिने. शेतीपंपाचं बिल माफ झालं, ज्याच्याकडं शेत आहे त्याचं. ज्याच्याकडं कोयता आहे त्याच्या कुलपावरचा १२८ तरी माफ करा म्हणावं."

याला सुनेकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. वर्षाचे शुल्कासकट १,७८० रुपये होतात ते, आणि त्यातले निम्मे अशा महिन्यांचे की ज्यात त्या घरात बल्बही लागलेला नसतो. सहा महिने गाव सोडणाऱ्या माणसासाठी हंगामी स्थिर आकार अशी काही सोय दरपत्रकात असायला हरकत नव्हती. लाखांनी माणसं जिथून उसाला जातात त्या जिल्ह्यातून ही मागणी आयोगाच्या सुनावणीत जायला हवी. सुनावणीच्या तारखा वर्तमानपत्रात येतात, आणि बहुतेकदा ती पानं आपण लाडू बांधायला वापरतो.

संध्याकाळी कोटेशनवाल्याचा फोन आला. सुनेने सांगितलं, एक किलोवॅट. त्याने विचारलं, तिनाचं अनुदान का सोडता? तिने २०५ रुपयांचा आकडा सांगितला आणि पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. बाप्पा खुर्चीतून म्हणाले, "त्याला म्हणावं इन्व्हर्टर दोनाचा लाव, पॅनल एकाचं. एसी आला तर नुसतं पॅनल वाढवू." सकाळच्या विरोधकाकडून आलेली ही सगळ्यात कामाची सूचना होती, आणि सुनेने ती कोटेशनच्या मागे लिहून घेतली.

"आणि सिंगल-फेजचा अर्ज?"

"तो पावसाळा झाल्यावर बघू."

"४,१२० रुपये, बाप्पा."

"पावसाळा झाल्यावर."